घाटातले घड्याळ

पनवेलहून पुण्याकडे निघालेला जुना महामार्ग पळस्पे फाटा मागे टाकतो आणि थोड्याच अंतरावर कोन गाव लागते. एकेकाळी भातखाचरांचे असलेले हे गाव आता उंच इमारतींचे झाले आहे. गिरणी कामगारांसाठीची घरे, खाजगी गृहसंकुले, गोदामे आणि बंदराकडे जाणारे कंटेनरचे ट्रक यांच्यामधून मूळ गावठाण अजून डोकावते. येथून कर्नाळ्याचा अंगठ्यासारखा सुळका दिसतो. आभाळ स्वच्छ असेल तर प्रबळगड, माथेरानची रांग आणि माणिकगडही दिसतो. डोंगर चहूकडे असले, तरी पायांखाली मात्र सारी सपाटीच आहे. पहाटे सावळे रस्त्याने किंवा संकुलाच्या आतल्या वाटेने धावणाऱ्या माणसाला चढ म्हणून भेटतो तो एखादा उड्डाणपूल.

अशा सपाटीवर वर्षभर धावून २१ किलोमीटरची तयारी केलेला माणूस पावसाळ्यात साताऱ्याला जातो आणि यवतेश्वर घाटात त्याचे सगळे हिशोब चुकतात. सपाटीवर दोन तासांत पुरे होणारे अंतर तेथे सव्वादोन तासांतही संपत नाही. पहिल्या वर्षी बहुतेकांना ही वेळ अपयशासारखी वाटते. पुढच्या वर्षी त्याच घाटात त्याहून दोन मिनिटे कमी लागली, तर त्या दोन मिनिटांचे मोल काय, हे मात्र धावणाऱ्याला चांगले कळते, आणि घरच्यांना समजावून सांगताना त्याची पुरेवाट होते.

सातारा हिल हाफ मॅरेथॉन २०१२ पासून होत आहे. ऑगस्टच्या अखेरीस किंवा सप्टेंबरात, डोंगर हिरवेगार असताना ही स्पर्धा भरते. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर उंचीवर वसलेले. शहरातून निघालेला मार्ग समर्थ मंदिराच्या बाजूने यवतेश्वर घाटाला लागतो, कास पठाराच्या रस्त्यावर काही अंतर जातो आणि त्याच वाटेने परततो. म्हणजे पूर्वार्ध चढाचा आणि उत्तरार्ध उताराचा. २०१५ मध्ये एकाच डोंगरावर एकाच वेळी सर्वाधिक लोक धावल्याचा विक्रम या स्पर्धेने केला. २,६१८ धावपटूंची ती नोंद गिनेस बुकात झाली. ज्या पश्चिम घाटाला २०१२ साली जागतिक वारशाचा मान मिळाला, त्याच घाटातील कासच्या वाटेवर ही धाव होते. ऑलिंपिकमध्ये ३,००० मीटर स्टीपलचेसची अंतिम फेरी गाठलेली ललिता बाबर याच जिल्ह्यातील माण तालुक्याच्या मोही गावची. तेव्हा धावण्याचे साताऱ्याला वावडे कधीच नव्हते. नवे इतकेच, की आता चाळिशी-पन्नाशीचे नोकरदार, व्यापारी, डॉक्टर आणि गृहिणीही तेथे छातीवर क्रमांक लावून उभे राहतात.

चढाने वेळ वाढतो हे कोणीही सांगेल. पण उतारावर तो परत का मिळत नाही? घाट चढताना गेलेले उतरताना वसूल होईल, अशी नवख्यांची समजूत असते. साधे अंकगणित ती खोटी ठरवते. सपाटीवर ताशी १० किलोमीटर वेगाने धावणाऱ्याला २१ किलोमीटरसाठी १२६ मिनिटे लागतात. समजा, तोच माणूस घाट ताशी ८ च्या वेगाने चढला आणि ताशी १२ च्या वेगाने उतरला. दोन वेगांची सरासरी १० दिसते. प्रत्यक्षात साडेदहा किलोमीटर चढायला सुमारे ७९ मिनिटे आणि तेवढेच उतरायला सुमारे साडेबावन्न, म्हणजे एकूण १३१ मिनिटांहून अधिक लागतात. मंद वेगात आपण जास्त काळ राहतो, म्हणून तोट्याचे पारडे जड होते. दुकानदाराच्या भाषेत सांगायचे तर दहा टक्के तोट्यानंतर दहा टक्के नफा झाला, तरी मुद्दल पुरे होत नाही.

डोंगर चालणाऱ्यांसाठी असाच एक ठोकताळा स्कॉटलंडचे गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये घालून दिला. तीन मैलांना एक तास, आणि शिवाय चढाच्या दर दोन हजार फुटांना आणखी एक तास. मीटरमध्ये मांडले तर एक मीटर उंची चढणे म्हणजे सपाटीवर सुमारे आठ मीटर चालणे. मार्गातील चढ ३०० मीटरचा धरला, तर अंतरात जवळजवळ २.४ किलोमीटरची भर पडते. नियम चालणाऱ्यांचा आहे आणि धावणाऱ्याला तो जसाच्या तसा लागू होत नाही. तरीही साताऱ्याची २१ किलोमीटर सपाटीवरच्या साडेतेवीसांसारखी का वाटतात, याचा अंदाज त्यातून येतो. उतरण्याबद्दल नेस्मिथ यांनी काहीही सूट दिली नव्हती, हे विशेष.

म्हणून एका मार्गावरची वेळ दुसऱ्या मार्गावरच्या वेळेशी ताडून पाहण्यात अर्थ नाही. जागतिक पातळीवरही हाच न्याय आहे. २०११ मध्ये बोस्टन मॅरेथॉनमध्ये केनियाच्या जेफ्री मुताई यांनी २ तास ३ मिनिटे २ सेकंदांत धाव पूर्ण केली. त्या वेळेपर्यंत इतक्या कमी वेळात मॅरेथॉन कोणी धावले नव्हते. तरी तो जागतिक विक्रम मानला गेला नाही. विक्रमासाठी मार्गाचा एकूण उतार किलोमीटरमागे एका मीटरहून अधिक नसावा आणि प्रारंभ व शेवट यांतील सरळ अंतर धावेच्या निम्म्याहून अधिक नसावे, असा दंडक आहे. बोस्टनचा मार्ग या दोन्ही अटींत बसत नाही. जगातील अव्वल धावपटूच्या वेळेला जर मार्गाची अट लागते, तर कोनच्या किंवा कामोठ्याच्या धावपटूने मुंबईच्या सागरी रस्त्यावरची वेळ साताऱ्यात शोधून खिन्न का व्हावे? घाटातील सर्वोत्तम वेळ त्या घाटापुरती असते. तिची स्पर्धा त्याच रस्त्यावर, त्याच ऋतूत, वर्षापूर्वीच्या स्वतःशी असते.

तर मग ती दोन मिनिटे येतात कोठून? २१ किलोमीटरांत वाटली तर प्रत्येक किलोमीटरला सहा सेकंदांहूनही कमी पडतात. इतके थोडे कमवायचे असेल, तर आधी गमावणे थांबवावे लागते. घाटात सर्वाधिक वेळ वाया जातो तो आरंभीच्या उत्साहापायी. शहरातील रस्त्यांवर ढोल-ताशे असतात, लोक दुतर्फा उभे राहून टाळ्या वाजवतात, शेजारून कोणी पुढे निघून जातो. पहिल्या तीन किलोमीटरांत प्रत्येकी वीस सेकंद लवकर धावून एक मिनिट कमावणारे अनेक जण घाटाच्या मध्यावर कमरेवर हात ठेवून उभे असलेले दिसतात. कमावलेले मिनिट तेथे दामदुपटीने फेडावे लागते.

चढावर घड्याळातला वेग पाहणे व्यर्थ आहे. रस्ता जसा उभा होईल तसा वेग पडणारच. सांभाळायचा असतो तो श्वास. धावता धावता एक लहान वाक्य बोलता येईल इतपत दम राखावा. तेवढाही उरला नाही, तर पावले आखूड करावीत, कमरेतून न वाकता अंग किंचित पुढे झुकवावे आणि हात जवळ ठेवावेत. अगदी उभ्या वळणावर तीस-चाळीस पावले झपाट्याने चालण्यात काही कमीपणा नाही. दम लागेपर्यंत धावून मग नाइलाजाने चालणाऱ्यापेक्षा आधीच ठरवून चालणारा बहुधा लवकर पोहोचतो. कोनजवळच्या याच महामार्गावर चातुर्मासापूर्वी विहार करणारे साधु-साध्वी पहाटे दिसतात. त्यांच्या चालीत घाई नसते, तरी ऊन चढण्याआधी मुक्काम गाठलेला असतो.

सपाटीवर राहून चढाचा सराव कसा करावा, ही कोनकरांची खरी अडचण. उंच इमारतींचे जिने हा तिच्यावरचा सर्वांत जवळचा उपाय. आठवड्यातून एकदा वीस मिनिटे जिना चढावा आणि सुरुवातीचे काही आठवडे उतरताना लिफ्ट घ्यावी, म्हणजे गुडघ्यांवर एकदम भार येत नाही. उड्डाणपुलाच्या चढावर पुन्हा पुन्हा धावण्याचा मोह टाळलेला बरा. या रस्त्यांवरची अवजड वाहने पहाटेच्या अंधारात धावणाऱ्याची गय करत नाहीत. महिन्यातून एक-दोनदा खऱ्या घाटाची गाठ घालून द्यायची असेल, तर सकाळी लवकर निघून नेरळ गाठता येते. नेरळ ते दस्तुरी हा माथेरानचा मोटाररस्ता सात-आठ किलोमीटरांत सुमारे सातशे मीटर चढतो. १९०७ मध्ये सुरू झालेल्या माथेरानच्या छोट्या गाडीला जवळपास तेवढीच उंची गाठायला सुमारे २१ किलोमीटरचा फेरा घ्यावा लागतो. हाफ मॅरेथॉनच्या अंतराशी जुळणारा हा योगायोग मोठा गमतीचा आहे. हा मोटाररस्ता यवतेश्वर घाटाहून खडा असल्याने तेथे वेगाचा विचार सोडावा आणि केवळ न थांबता वर जाण्याचे ध्येय ठेवावे. मुसळधार पावसाच्या दिवशी मात्र दरडींच्या भीतीने तिकडे फिरकू नये.

चढाचा सराव करणारे पुष्कळ भेटतात, उताराचा करणारे विरळा. घाटातली रेल्वे या बाबतीत माणसापेक्षा शहाणी आहे. १८६३ मध्ये खुल्या झालेल्या बोरघाटाच्या लोहमार्गावर कर्जतला गाडीच्या मागे जादा इंजिने लागतात, हे पुण्याच्या प्रवाशाला ठाऊक असते. उतरणाऱ्या गाड्या ब्रेकच्या तपासणीसाठी घाटात थांबतात, याकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष जात नाही. सदतिसास एक असा तो चढ रेल्वेच्या मानाने कठीण, आणि उतार त्याहून धोक्याचा. जुनागढला दरवर्षी जानेवारीत होणाऱ्या गिरनारच्या स्पर्धेचे नावच मुळी आरोहण-अवरोहण असे आहे. पुरुष ५,५०० पायऱ्या चढून अंबाजीपर्यंत, तर महिला २,२०० पायऱ्या चढून माळी परबपर्यंत जातात. वेळेची मोजणी मात्र पायथ्याशी परतल्यावरच पुरी होते. गिरनार किंवा शत्रुंजयाची यात्रा केलेल्या प्रत्येकाला याचा अनुभव आहे. चढताना दमलेले पाय दुसऱ्या दिवशी फारसे दुखत नाहीत, उतरताना लटपटलेल्या मांड्या मात्र तीन दिवस पायरी उतरू देत नाहीत.

याला शरीरशास्त्रीय कारण आहे. चढताना मांडीचे स्नायू आकुंचन पावून शरीर वर ढकलतात. उतरताना तेच स्नायू ताणले जात असतानाच भार पेलून शरीराला आवर घालतात. या उलट्या कामात दम कमी लागतो, पण स्नायूंच्या तंतूंना सूक्ष्म इजा अधिक होते. दिलासा असा, की एकदा ही इजा सोसून बरा झालेला स्नायू पुढचे काही आठवडे त्याच श्रमाला चांगला टिकतो. म्हणून स्पर्धेच्या तीन-चार आठवडे आधी एकदा तरी लांबचा उतार धावून पाहावा. पहिल्या खेपेला दुखणे ठरलेलेच. शेवटच्या आठवड्यात मात्र हा प्रयोग नको. उतरताना टाच आपटत, मागे रेलत धावले की प्रत्येक पाऊल ब्रेक ठरते. पावले लहान आणि जलद ठेवून उताराला थोडे अंग द्यावे. ओल्या रस्त्याच्या कडेला शेवाळ असते, वळणावर पाणी वाहते, तेव्हा तळ झिजलेले जुने बूट आणि स्पर्धेसाठी त्याच दिवशी काढलेले कोरे बूट ही दोन्ही संकटेच. गेल्या वर्षीची वेळ मोडली जाते ती बहुधा या परतीच्या उतारावर. तीही त्याच्याच हातून, ज्याने माथ्यावर पोहोचताना पायांत काही शिल्लक ठेवले आहे.

आहाराचा प्रश्न जैन घरांत थोडा वेगळा येतो. स्पर्धा उजाडता-उजाडता सुरू होते. ऑगस्टअखेर साताऱ्यात सूर्योदय साधारण सव्वासहानंतर होतो. नवकारशी पाळणाऱ्याला त्यापुढे ४८ मिनिटे, म्हणजे सात वाजून गेल्यावरच तोंडात पाणी घेता येते. चौविहार करणाऱ्याचे आदल्या संध्याकाळी सूर्यास्तालाच सर्व बंद झालेले असते. बारा तासांहून अधिक काळ निर्जळ राहून घाटाच्या पायथ्याशी पोहोचायचे, अशी ही स्थिती. रात्रीच्या उपवासाने यकृतातील साखरेचा साठा बराच घटतो, स्नायूंमधला मात्र फारसा हलत नाही. त्यामुळे आदल्या दोन दिवसांत भात, भाकरी, डाळ, केळी असा आहार नेटका झाला असेल, तर सुरुवातीची वाट निभावण्यासारखी असते. पाण्याचे तसे नाही. ते आदल्या दिवशी सकाळपासून थोडे थोडे पीत राहावे. सूर्यास्ताच्या घाईत गटागटा प्यायलेले पाणी रात्रीतून निघून जाते. असे पाहिले सरावात करून पाहावे आणि शरीराने साथ दिली तरच स्पर्धेत करावे. मधुमेह किंवा रक्तदाबाची औषधे घेणाऱ्याने डॉक्टरांचा सल्ला घेतल्यावाचून ते मुळीच करू नये.

वाटेवर मिळणारे पाणी उकळलेले असेलच असे नाही. ज्यांचा नियम आहे त्यांनी कमरपट्ट्याला छोटी बाटली लावावी. त्यात चिमूटभर मीठ, साखर आणि लिंबू पुरते. बाजारात मिळणाऱ्या जेलच्या पाकिटांपैकी काहींत मध असतो, म्हणून मागचा बारीक मजकूर वाचूनच ती घ्यावीत. खजूर आणि सुका मेवा चातुर्मासात वर्ज्य मानणाऱ्या घरांत गुळाचा खडा किंवा खडीसाखर ते काम उत्तम करते. काही वर्षी स्पर्धेची तारीख पर्युषण किंवा दशलक्षण पर्वाच्या आसपास येते. अठ्ठाई किंवा सलग एकासणी करून लगेच घाटात वेळ मोडायला उतरणे कोणाच्याही हिताचे नाही. त्या वर्षी स्पर्धा सोडावी, किंवा घड्याळ न लावता मजेत धावून यावे.

धोका केवळ कल्पनेतला नाही. २०२२ च्या सातारा स्पर्धेत कोल्हापूरच्या एका तरुण धावपटूला हृदयविकाराने प्राण गमवावे लागले. वयाची तिशी ओलांडली की, विशेषतः घरात हृदयरोगाचा इतिहास असेल तर, नोंदणीआधी तपासणी करून घेणे हे शुल्क भरण्याइतकेच अटळ समजावे. नुकताच ताप येऊन गेला असेल तर धावू नये, कारण विषाणूजन्य तापात हृदयाच्या स्नायूलाही सूज येऊ शकते, आणि पावसाळ्यात असे ताप घरोघरी असतात. वेदनाशामक गोळी घेऊन धावण्याची सवय मूत्रपिंडाला घातक आहे. छातीत दाब, डाव्या हातात कळ, डोळ्यांपुढे अंधारी यांपैकी काहीही जाणवले तर जागीच थांबावे आणि जवळच्या स्वयंसेवकाला सांगावे. वर्षभर ज्या दोन मिनिटांसाठी घाम गाळला ती समोर दिसत असताना थांबणे फार अवघड असते, आणि म्हणूनच हा निर्णय आदल्या रात्री घरच्यांसमक्ष बोलून ठेवलेला बरा.

घरच्यांचा उल्लेख उगाच नाही. नोकरीसाठी कोनहून ठाण्याला किंवा मुंबईला जाणाऱ्याला सरावाची वेळ मिळते ती पहाटे साडेचारला. ती त्याने एकट्याने दिलेली नसते. डबा, मुलांची शाळा, आजारी सासू-सासरे यांच्या वाटणीतून ती काढलेली असते. पुरुष धावला की घर त्याचे वेळापत्रक सांभाळते. सून धावू लागली की पुष्कळदा तिला आधी चार माणसांचा नाश्ता उरकावा लागतो. तिच्या वेळेतली दोन मिनिटे त्याच्या दोन मिनिटांहून महाग आहेत, हे निकालपत्रात कोठेही छापलेले नसते.

निकालपत्र वाचतानाही थोडी सावधगिरी हवी. हजारो लोक एकत्र निघतात तेव्हा मागे उभ्या असलेल्याला आरंभरेषा ओलांडायलाच काही मिनिटे लागतात. क्रमांकपट्टीवरील चिप रेषेपासून रेषेपर्यंतचा वेळ मोजते. तुलना करायची ती याच वेळेची. हातातील घड्याळ घाटातील वळणांमुळे अंतर कमी-जास्त दाखवते, त्यावर वाद घालू नये. गेल्या वर्षी धो धो पाऊस होता आणि यंदा उघडीप असेल, किंवा वारा माथ्यावर समोरून असेल, तर तेही लिहून ठेवावे. जुने धावपटू वहीत वेळेसोबत हवा, आदल्या रात्रीची झोप आणि माथ्यावर पोहोचायला लागलेली मिनिटे नोंदवतात. माथ्याची वेळ गेल्या वर्षीपेक्षा मिनिटभर जास्त आणि अखेरची वेळ दोन मिनिटे कमी, अशी नोंद त्या वहीत सापडली, तर तीन मिनिटे उतारावर आणि शहरातल्या शेवटच्या रस्त्यावर कमावली हे उघड होते.

साताऱ्याहून परतताना खंबाटकी आणि बोरघाट उतरून गाडी संध्याकाळपर्यंत कोनला येते. सोमवारी लिफ्ट बंद असेल, तर जिना उलट्या पावली, कठड्याला धरून उतरावा. मांड्यांना तेवढेच बरे वाटते.